सह्या नसलेला करारनामा

गेल्या वर्षी आषाढात आमच्या गावच्या देवस्थानच्या व्यवस्थापक समितीने आमच्याकडे एक काम सोपविले. काम साधे होते. समितीने ध्वनिमुद्रणासाठी विकत घेतलेले एक यंत्र आठ महिने झाले तरी चालत नव्हते. तेव्हा ते विकणाऱ्या दुकानदारास नोटीस द्यावी, माल सदोष असल्याचे तीत नमूद करावे आणि रक्कम व्याजासह परत मागावी, असे ठरले होते. अशा नोटिसा वकिलाला शेकड्यांनी लिहाव्या लागतात व त्या लिहिताना लेखणी सहसा अडत नाही. या खेपेस मात्र ती अडली. माल सदोष आहे असे लिहावयाचे तर दोष कोणता, हेही लिहिले पाहिजे. आणि तो कोणासच सांगता येईना. तो शोधावयास म्हणून आम्ही निघालो आणि शोधता शोधता चाळीस वर्षांमागे झालेल्या एका करारनाम्यापाशी येऊन पोहोचलो. देवळाच्या कपाटात पडलेल्या त्या यंत्राचा खटला समजावयाचा असेल, तर त्या करारनाम्याचा इतिहास आधी सांगावा लागतो. म्हणून हा लेखनप्रपंच.

यंत्र कशासाठी घेतले होते, ते प्रथम सांगू. आमच्या देवळात चतुर्थीला घुमटावर आरत्या होतात. घुमट, शामेळ आणि कासाळे यांच्या साथीवर म्हटल्या जाणाऱ्या या आरत्यांपैकी काही चाली आता एकाच वृद्ध गृहस्थांच्या गळ्यात उरल्या आहेत. गाव त्यांना बुवा म्हणतो. समितीने शहाणपणाने या आरत्या ध्वनिमुद्रित करून घेतल्या. प्रत्येक वाद्य आणि प्रत्येक कंठ निराळ्या मार्गिकेवर, अशा अकरा मार्गिका झाल्या. आता त्या एकत्र बसवावयाच्या होत्या. घुमट किती पुढे यावे, कासाळे कोठे दबावे, कोरस केव्हा उचलावा, हे बुवांखेरीज दुसऱ्या कोणी ठरवावे असे कोणासही वाटत नव्हते. परंतु बुवांचे वय ऐंशीच्या पुढे, डोळ्यांवर मोतीबिंदूची छाया. संगणकाच्या पडद्यावरील बोटाएवढ्या चित्रांत माउस फिरविणे त्यांना जमेना. ते एवढेच म्हणाले, "हातांत घेतल्या बगर म्हाका समजना." हे ऐकून पुजाऱ्यांच्या मुलाने, जो अभियांत्रिकी शिकतो, आठ फेडरांचे एक यंत्र सुचविले. ते आले, जोडले आणि चालले नाही. पैसा देवाचा, तो वाया गेला असे महाजनांच्या सभेत दोनतीन जणांनी बोलून दाखविले, आणि त्या मुलाने सभामंडपात येणेच सोडले.

या प्रकारच्या यंत्रास कंट्रोल सरफेस म्हणतात. दिसावयास ते लग्नकार्यात ध्वनिक्षेपकवाल्याच्या पुढ्यात असणाऱ्या मिक्सरसारखे असते. तशाच वरखाली सरकणाऱ्या दांड्या, तेच फिरविण्याचे नॉब, तीच बटने. परंतु मिक्सरच्या तारेतून गाणे वाहते. याच्या तारेतून केवळ आकडे जातात. फेडर वर सरकविला की 'पहिला फेडर अमुक इतका वर गेला' असा निरोप संगणकाला पोहोचतो आणि पहिल्या मार्गिकेचा आवाज तेथे वाढतो. संगणकानेही उलट निरोप धाडला, तर फेडराखाली बसविलेली लहानशी मोटर त्याला हात न लावता योग्य जागी नेऊन उभा करते. सारांश, हे यंत्र निरोप्या आहे. निरोप्याला ज्याच्याकडे जावयाचे त्याची भाषा आली पाहिजे, आणि या व्यवहारातील भाषेचे नाव मिडी असे आहे. 'म्युझिकल इन्स्ट्रुमेंट डिजिटल इंटरफेस' या लांबलचक इंग्रजी नावाचे ते आद्याक्षरी रूप होय.

ही भाषा जन्मण्यापूर्वी वाद्यनिर्मात्यांच्या जगात बजबजपुरी होती. १९७० च्या दशकात विजेवर स्वर निर्माण करणारी सिंथेसायझर नावाची वाद्ये अमेरिकेत व जपानात झपाट्याने वाढली. पण एका कंपनीचे वाद्य दुसऱ्या कंपनीच्या वाद्याशी बोलत नसे. प्रत्येकाची जोडणी वेगळी आणि प्रत्येकाचे संकेत वेगळे. ज्याने एकाचे वाद्य घेतले, त्याने पुढचेही त्याच घरचे घ्यावे, असाच व्यापारी हिशेब या वेगळेपणामागे असणार. हा हिशेब ज्यांना प्रथम खटकला त्यांत जपानचे इकुतारो काकेहाशी हे प्रमुख होत. १९३० साली ओसाका येथे जन्मलेल्या या गृहस्थांचे आईवडील त्यांच्या बालपणीच क्षयाने गेले. पुढे त्यांनाही क्षयाने गाठले व कित्येक वर्षे रुग्णालयात काढावी लागली. घड्याळे दुरुस्त करण्याच्या लहानशा दुकानापासून आरंभ करून १९७२ साली त्यांनी रोलँड ही कंपनी स्थापन केली.

जून १९८१ मध्ये अमेरिकेतील वाद्यव्यापाऱ्यांच्या एका प्रदर्शनात काकेहाशी यांनी टॉम ओबरहाइम या प्रतिस्पर्धी निर्मात्याजवळ सर्वांसाठी एकच जोडणी असावी अशी कल्पना मांडली. ओबरहाइम यांनी ती डेव्ह स्मिथ यांच्या कानावर घातली. स्मिथ हे कॅलिफोर्नियातील सिक्वेन्शियल सर्किट्स कंपनीचे संस्थापक. १९७८ साली त्यांनी प्रॉफेट-५ हे वाद्य आणले होते व त्याच्या पोटात मायक्रोप्रोसेसर बसविल्यामुळे वादकाने एकदा जुळविलेला ध्वनी त्याच्या स्मरणात राहत असे. स्मिथ व त्यांचे सहकारी चेट वुड यांनी त्याच वर्षीच्या हेमंतापूर्वी एका सार्वत्रिक जोडणीचा मसुदा तयार करून ध्वनिअभियंत्यांच्या परिषदेत वाचला. अमेरिकेतील बहुतेक कंपन्यांनी फारसे लक्ष दिले नाही. जपानच्या रोलँड, यामाहा, कोर्ग आणि कावाई या चार कंपन्यांनी मात्र मसुद्यात भर घातली, हरकती घेतल्या आणि दुरुस्त्या सुचविल्या. महासागराच्या दोन काठांवर बसलेल्या, एकमेकांची गिऱ्हाइके ओढणाऱ्या या पक्षांत वर्षभर लिखापढी चालली.

जानेवारी १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातील अ‍ॅनाहाइम येथे या लिखापढीची कसोटी लागली. स्मिथ यांचे प्रॉफेट-६०० आणि काकेहाशी यांच्या रोलँडचे ज्युपिटर-६ ही दोन वाद्ये एका तारेने जोडण्यात आली. एकाच्या पट्ट्या दाबल्या आणि दुसरे वाजू लागले. एका घरच्या वाद्याने दुसऱ्या घरच्या वाद्याचे ऐकले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कराराची पहिली संपूर्ण संहिता प्रसिद्ध झाली. ती वापरणाऱ्याकडून कोणी रॉयल्टी घेतली नाही. काकेहाशी व स्मिथ यांनी ही मालमत्ता सर्वांसाठी मोकळी सोडली. आमच्या व्यवसायात जमिनीच्या हातभर बांधासाठी तीन पिढ्या न्यायालयात घालविणारी घराणी पाहावयास मिळतात. त्यामुळे या गोष्टीचे मोल आम्हांस कदाचित अधिक वाटत असेल.

आता या करारनाम्याची कलमे वकिलाच्या रीतीने वाचू.

पहिले कलम तारेचे. पाच टाचांची गोल पिन. तिच्यापैकी तीनच टाचांना काम. दोन यंत्रांत विजेचा थेट संबंध येऊ नये म्हणून घेणाऱ्या यंत्रात एक चिमुकला दिवा व त्याच्यासमोर प्रकाश ओळखणारा भाग असतो. निरोप प्रकाशाने ओलांडतो, वीज ओलांडत नाही, आणि त्यामुळे एका यंत्रातील घरघर दुसऱ्यात शिरत नाही. दुसरे कलम वेगाचे. सेकंदास ३१,२५० बिट, म्हणजे तीन भागांचा एक निरोप जावयास सुमारे सेकंदाचा हजारावा हिस्सा. तिसरे कलम पत्त्याचे. एका तारेवर सोळा चॅनल, जणू एकाच वाड्यातील सोळा बिऱ्हाडे. चौथे कलम निरोपांच्या प्रकारांचे. अमुक पट्टी दाबली, अमुक सोडली, अमुक नियंत्रक इतका फिरविला. पट्ट्यांना ० ते १२७ असे क्रमांक, मधल्या 'सी' पट्टीचा ६०. नियंत्रकांनाही क्रमांक, त्यांत ७ हा आवाजाचा. प्रत्येक मूल्य ० ते १२७ या १२८ पायऱ्यांतच सांगावयाचे. याला एक अपवाद आहे तो स्वर वाकविण्याच्या निरोपाचा. आपले गवई ज्यास मींड म्हणतात, तसा स्वर घसरता ठेवावयाचा तर १२८ पायऱ्या कानाला खडबडीत लागतील, म्हणून या एका निरोपास १६,३८४ पायऱ्या दिल्या. वाचकांनी हा अपवाद ध्यानात ठेवावा; पुढे आमच्या देवळात त्यानेच घोटाळा केला.

संहितेत जे नाही, तेही वाचावे लागते. १९८३ च्या या करारात पोचपावती नाही. धाडणारा निरोप धाडतो. तो पोहोचला काय, समजला काय, हे त्यास कळण्याची सोय मूळ करारात ठेवलेली नव्हती. साध्या टपालाने टाकलेल्या पत्रासारखाच तो प्रकार. एका वाद्याने दुसरे वाजवावयाचे एवढाच हेतू असता हे पुरेसे होते. दुसरी उणीव अशी की, ध्वनिमुद्रणगृहातील मिक्सर, त्याचे फेडर व बटने यांचा समग्र व्यवहार या करारात कोठेच नव्हता. १९९२ च्या सुमारास ध्वनिफितीची यंत्रे चालू-बंद करण्याविषयी एक पुरवणी जोडण्यात आली. पण फेडरांचे, त्यांच्या मोटरींचे, पडद्यावरील नावांचे काय, हा प्रश्न उघडाच राहिला.

या उघड्या जागेत पुढे काय झाले, ते पाहू. आपोआप सरकणारा फेडर मिडीहून जुना आहे. ब्रिटनच्या नीव्ह कंपनीने १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात नेकॅम नावाची व्यवस्था आणली. अभियंत्याने गाणे चालू असता फेडर जसे हलविले, तशी ती हालचाल संगणक लक्षात ठेवी आणि पुढच्या वेळी मोटरीच्या साहाय्याने ते फेडर तसेच हलवून दाखवी. जॉर्ज मार्टिन यांच्या लंडन येथील एअर स्टुडिओत ती प्रथम नांदली. अशी व्यवस्था मोठ्या मुद्रणगृहांनाच परवडणारी होती. १९९० च्या दशकात ध्वनिमुद्रण घरगुती संगणकावर आले. मिक्सरही पडद्यावरचे चित्र बनला. मग दहा बोटांचे काम एका माउसवर येऊन पडले. दोन फेडर एकाच वेळी, एक वर व एक खाली, असे नेणे त्याने साधत नाही. म्हणून पुन्हा हाताला धरता येतील असे फेडर हवेत, अशी मागणी आली.

ती पुरी करण्यास अमेरिकेची मॅकी कंपनी पुढे झाली. १९९० च्या दशकाच्या अखेरीस तिने प्रो टूल्स या प्रणालीची निर्माती डिजिडिझाइन हिच्या सहकार्याने एचयूआय नावाचे यंत्र आणले; नंतर जर्मनीच्या इमॅजिक कंपनीबरोबर लॉजिक कंट्रोल केले आणि त्याच घराण्यातून मॅकी कंट्रोल निघाले. या यंत्रांनी तार मिडीची घेतली, निरोपांचा साचाही मिडीचाच घेतला. परंतु निरोपांचे अर्थ आपापले लावले. मॅकी कंट्रोलच्या बोलीत 'चालू करा' हे बटन म्हणजे ९४ क्रमांकाची पट्टी दाबल्याचा निरोप, आणि 'थांबा' म्हणजे ९३. एचयूआयच्या बोलीत हे सारे निराळे. तीत संगणक दर सेकंदास एक हाळी देतो व यंत्राने तिला ओ द्यावयाची असते. ओ आली नाही की संबंध तुटला असे समजले जाते. मूळ करारात नसलेली पोचपावती या बोलीने आपल्यापुरती अशी निर्माण केली.

फेडराचे स्थान कसे कळवावे, याचा उलगडा मोठा चतुर आहे. शंभर मिलिमीटर लांबीच्या फेडरास १२८ पायऱ्या दिल्या तर एकेक पायरी पाऊण मिलिमीटरहून मोठी होते, आणि हळुवार उतरणारा आवाज जिन्यावरून उतरल्यासारखा ऐकू येतो. १६,३८४ पायऱ्यांचा एकच निरोप करारात तयार होता, तो मींडेचा. मॅकी कंट्रोलने तोच उचलला. पहिला फेडर पहिल्या चॅनलवरची मींड झाला, दुसरा दुसऱ्यावरची. येणेप्रमाणे आठ, आणि नववी मींड मुख्य फेडराची. त्यातही प्रत्यक्षात हजाराच्या आसपासच पायऱ्या वापरतात, पण कानाला तेवढ्या पुरतात.

या बोली मिडीच्या सार्वजनिक संहितेत कधी दाखल झाल्या नाहीत. एचयूआयची बोली तर जिज्ञासूंनी तारेवरून जाणारे आकडे वाचून उकलली. इतर निर्मात्यांनी आपापल्या यंत्रांत या दोन्ही बोलींची नक्कल केली आणि त्या रूढीने प्रचलित झाल्या. कायद्यात जसे लिखित विधान आणि त्याच्या पोटात वाढलेली रूढी असे दोन थर असतात, तसेच येथेही झाले. वरचा थर सर्वांसाठी उघडा व निःसंदिग्ध. खालच्या थरात कोणाची कोणती रूढी ते विचारल्याशिवाय कळत नाही. कंट्रोल सरफेस चालत नाही अशा तक्रारींपैकी पुष्कळांचे मूळ या खालच्या थरात सापडते, हे आम्हांस आमच्याच खटल्यावरून पटले.

आता त्या खटल्याकडे वळू. नोटीस बाजूस ठेवून आम्ही पुजाऱ्यांच्या घरी गेलो व त्या मुलास म्हटले, "चल, साक्षीपुरावा पाहू." तो आधी येण्यास तयार नव्हता. "वकीलकाका, पुन्हा नाही चालले तर?" असे त्याने विचारले. "तर नोटीस लिहावयास आम्हांस निदान दोष तरी सापडेल," असे सांगून त्यास घेऊन आलो. दोघांनी मिळून ठरविले की, साऱ्या गोष्टी एकदम बदलावयाच्या नाहीत. एकेक साक्षीदार निरनिराळा तपासावयाचा.

पहिला साक्षीदार तार. काही यूएसबी तारा केवळ वीज वाहतात, माहिती वाहत नाहीत. त्यांनी यंत्राचे दिवे लागतात आणि माणूस फसतो. आमची तार निर्दोष निघाली, कारण संगणकाच्या यादीत यंत्राचे नाव दिसत होते. मोटरींना लागणारी वीजही त्यांच्या स्वतंत्र अडॅप्टरमधून नीट येत होती. मग मुलाने एक लहानसा प्रोग्रॅम लावला, ज्यात येणारा प्रत्येक मिडी निरोप आकड्यांनी दिसतो. फेडर हलविताच आकडे धावू लागले. म्हणजे निरोप्या बोलत होता. आठ महिने जे मुके समजले गेले, ते बोलत होते!

दुसरा साक्षीदार बोली. ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये यंत्राची बोली मॅकी कंट्रोल अशी निवडलेली होती. यंत्राकडून येणारे आकडे मात्र मींडेचे नव्हते. प्रत्येक हालचालीस नियंत्रकाचे दोनदोन निरोप येत होते, आणि ही खूण एचयूआयची. यंत्र कारखान्यातूनच त्या बोलीवर ठेवून आले होते. माहितीपुस्तिकेच्या एका कोपऱ्यात लिहिले होते की, विशिष्ट बटन दाबून धरून यंत्र चालू केल्यास बोली बदलता येते. तसे केले. फेडर सरकविला आणि पडद्यावरचा फेडर त्याच्याबरोबर सरकला.

पण हात काढताच यंत्रावरचा फेडर झपकन तळाशी जाऊन बसला. पुन्हा वर नेला, पुन्हा पडला. समितीतील एका वयस्क सदस्यांनी हे पूर्वीही एकदा पाहिले होते आणि यंत्रास काही तरी बाधले आहे असा निष्कर्ष काढला होता. कारण साधे निघाले. या बोलीत फेडराचे स्थान संगणकाने परत कळवावयाचे असते. हात सुटला की यंत्र संगणकाच्या शब्दाची वाट पाहते. तो न आल्यास फेडर त्याला ठाऊक असलेल्या जुन्या जागी परततो. पूर्वीच्या पाच टाचांच्या तारा जाण्यास एक व येण्यास एक अशा दोन लागत, त्यामुळे एक राहिली तर डोळ्यांना दिसे. १९९९ साली यूएसबीवरील मिडीची संहिता आली व एकाच तारेत दोन्ही वाटा बसल्या. तथापि सॉफ्टवेअरमध्ये त्या अजूनही निरनिराळ्या निवडाव्या लागतात. आमच्याकडे येण्याची वाट निवडली होती, जाण्याच्या वाटेपुढे 'काही नाही' असे होते. ती निवडली आणि आठही फेडर एकदम हलून आपापल्या जागी जाऊन उभे राहिले. मुलगा आठ महिन्यांनी हसला.

त्याच संध्याकाळी बुवांना बोलावले. आरतीच्या मागे तंबोऱ्याचा सूर हवा म्हणून सॉफ्टवेअरमधील तंबोरा काळी एकमध्ये लावून ठेवला होता. पहिल्या फेडरावर घुमट होते. आरती सुरू झाली, बुवांनी घुमट हळूच वर घेतले आणि लगेच हात थांबविला. "अरे, सूर हालता!" आम्हांस काही कळले नाही. मुलासही कळले नाही. बुवांनी फेडर आणखी वर नेला. तेव्हा आमच्याही कानास समजले की, घुमटाबरोबर तंबोरा चढत आहे. फेडर टोकास पोहोचला तेव्हा तंबोरा काळी दोनमध्ये वाजत होता.

वाचकांच्या ध्यानात कारण आलेच असेल. पहिला फेडर म्हणजे पहिल्या चॅनलवरची मींड. तंबोऱ्याच्या मार्गिकेस 'सर्व मिडी वाटांवरून येणारे निरोप ऐक' अशी मोकळी परवानगी होती. त्यामुळे घुमटाचा आवाज वाढवावा म्हणून निघालेला निरोप मिक्सरने आपल्या बोलीत फेडर म्हणून ऐकला आणि तंबोऱ्याने मूळ करारातल्या अर्थाने, मींड म्हणून. दोघांनीही आपापल्या परीने बरोबरच ऐकले होते. मींडेची मर्यादा दोन अर्धस्वरांची होती, काळी एकपासून काळी दोन बरोबर तितकीच वर. उपाय एका खुणेचा होता. वाद्यांना ऐकू जाणाऱ्या वाटांच्या यादीतून या यंत्राची वाट वगळावयाची व ती केवळ नियंत्रणासाठी राखावयाची. ते केले, तंबोऱ्याची मींड मध्यावर आणली, आणि सूर जागेवर आला.

अकरा मार्गिकांना आठ फेडर कसे पुरावेत, ही शंका बुवांनीच काढली. त्यासाठी यंत्रावर 'बँक' नावाची दोन बटने असतात. ती दाबली की तेच आठ फेडर पुढच्या मार्गिकांचे होतात आणि त्यांच्या स्थानी जाऊन उभे राहतात. बुवांना ते लगेच उमजले. आमच्या चौकात जागा कमी पडली की मागची मंडळी पुढे येतात, तसेच, असे ते म्हणाले.

येणेप्रमाणे तीन दोष सापडले आणि त्यांपैकी एकही मालाचा नव्हता. बोली जुळली नव्हती, परतीची वाट बंद होती आणि एकाचा निरोप दोघांच्या कानी जात होता. दुकानदार निर्दोष, यंत्र सुचविणारा मुलगाही निर्दोष. महाजनांच्या पुढील सभेत आम्ही हे तपशीलवार मांडले व तो मुलगा उपस्थित असताना मांडले. ज्यांनी पूर्वी शब्द उच्चारले होते त्यांपैकी एकांनी उठून ते परत घेतले. ही गोष्ट इतिवृत्तात नोंदविण्याचा आग्रह आम्ही धरला, कारण आरोपाची नोंद दप्तरात होती आणि मुक्ततेचीही असली पाहिजे.

मूळ करारनाम्याच्या कर्त्यांना त्यातील उणिवा ठाऊक नव्हत्या असे नाही. जानेवारी २०२० मध्ये मिडीची दुसरी आवृत्ती अमेरिकन व जपानी संघांनी मिळून मंजूर केली. तीत संभाषण दुतर्फा आहे. दोन यंत्रे प्रथम एकमेकांस 'तुला काय काय येते' असे विचारू शकतात, आणि मूल्यांच्या पायऱ्या १२८ वरून अब्जावधींवर गेल्या आहेत. तरीही जुने निरोप त्यात निकालात काढलेले नाहीत. १९८३ मधील वाद्य आजही आजच्या संगणकाशी बोलू शकते. विजेच्या यंत्रांत इतका जुना शब्द इतका पाळला गेल्याची उदाहरणे थोडी आहेत.

या दोन गृहस्थांची पुढची हकीकतही सांगण्यासारखी आहे. स्मिथ यांची सिक्वेन्शियल कंपनी १९८७ साली बुडाली व तिची मालमत्ता, नावासकट, यामाहाकडे गेली. स्मिथ यांनी पुढे पुन्हा वाद्ये घडविली, पण स्वतःच्या जुन्या नावाने ती विकता येईनात. २०१५ साली यामाहाने ते नाव त्यांना परत दिले, आणि तसे करावे म्हणून यामाहाकडे शब्द टाकणारे काकेहाशीच होते. तत्पूर्वी २०१३ साली दोघांना मिळून तांत्रिक कार्याचे ग्रॅमी पारितोषिक लाभले होते. काकेहाशी २०१७ साली निवर्तले, स्मिथ २०२२ साली.

बुवांनी चार संध्याकाळी बसून आरत्यांचे काम पुरे केले. शेवटच्या दिवशी मुलाने त्यांना सांगितले, "बुवा, आता हात मागे घ्या आणि नुसते ऐका." आरती पहिल्यापासून सुरू झाली. फेडर हलू लागले. घुमट जेथे बुवांनी पुढे आणले होते तेथे पहिला फेडर वर चढला, कोरस येताच दोन फेडर एकदम उचलले गेले, शेवटी कासाळे हळूहळू उतरत गेले. जशी त्यांची बोटे चार दिवस हलली होती, तंतोतंत तशीच. बुवांना पडदा दिसत नव्हता. त्यांनी फेडरांवर अलगद बोटे टेकविली आणि आरती संपेपर्यंत ती तशीच ठेवली.

यंत्राची बोली, येण्याची व जाण्याची वाट आणि वगळावयाची वाट, या गोष्टी आम्ही एका कागदावर स्वच्छ अक्षरात लिहून देवस्थानच्या जंगम मालमत्तेच्या नोंदवहीत यंत्राच्या नोंदीपुढे चिकटविल्या आहेत. नोटिशीचा अर्धा राहिलेला मसुदाही आम्ही फाडला नाही. तो आमच्या दप्तरात आहे. 'दोष' या शब्दापुढील जागा त्यात अजून कोरीच आहे.